माती खाली आणणारी ओदिल

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ओदिलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर पाहिलं आणि तोंडाशी नेलेला कॉफीचा वाडगा तसाच टेबलावर ठेवला.

टेकडीवरचा बर्फ वितळला होता. मधल्या पट्ट्यातल्या वेलींचे काळे बुंधे दिसत होते. पायथ्याच्या कुरणात गाय उभी होती, तिच्या पायाखालचं गवतही मोकळं झालं होतं. फक्त सगळ्यात वरचा तुकडा अजून पांढरा होता.

तो पांढरा असायचं काही कारण नव्हतं. गावात त्याला 'तवा' म्हणतात. अख्ख्या टेकडीवर बर्फ आधी वितळायचा तो तिथला. जानेवारीत गल्लीतली मांजरं ऊन खायला तिथपर्यंत चढून जायची. ओदिलचे वडील ओले हातमोजे तिथल्या दगडांवर वाळत घालायचे.

"लेओन्स, जरा इकडे ये."

तिचा नवरा गावच्या चीजघरात कामाला. पहाटेचं काम उरकून तो नुकताच न्याहारीला बसला होता. पाव हातात घेऊनच तो खिडकीशी आला.

"काय झालं?"

"वर काय दिसतंय?"

"बर्फ."

"कुठे?"

"तव्यावर."

"तव्यावर बर्फ," ओदिल म्हणाली.

"मग तवा थंड पडला म्हणायचा." लेओन्सनं पाव कॉफीत बुडवला. त्यानं आपली गंमत केली होती. पण ओदिल हसली नाही. दोन वर्षं ती ज्या प्रश्नाशी झगडत होती त्याचं उत्तर नवऱ्यानं तोंडात पाव घेऊन दिलं होतं.

ओदिल याच घरात जन्मली, फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरांच्या पायथ्याशी, व्हेर्नोआ गावात. मध्ये काही वर्षं ती डोंगरापलीकडे चष्म्यांच्या कारखान्यात होती. फ्रेमला काड्या बसवायची. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा परत आली. फार मोठा निश्चय वगैरे करून नव्हे. छाटणीची वेळ झाली होती आणि चढावर जायला दुसरं कुणी नव्हतं. तिचा मोठा भाऊ गास्पार रस्त्यापलीकडच्या सपाट जमिनीवर द्राक्षं लावून होता. तिथे ट्रॅक्टर चालतो. टेकडीवर नांगर घोडीच ओढते, आणि तव्यावर तर घोडीही चढत नाही.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा सपाट जमीन गास्पारला गेली, टेकडी ओदिलला. तव्याचं मात्र त्यांच्याच्यानं ठरवेना. त्यांनी दोघांची नावं लावली आणि सुटले.

टेकडी एकच, पण तिच्यात तीन जागा आहेत. वर तवा. तिथे तांबूस मातीत चुनखडीची खडी, दोन विती खोल, मग खडक. दक्षिणेचं ऊन दिवसभर त्या खडीत साठतं आणि संध्याकाळी हळूहळू बाहेर येतं. तिथे काळी द्राक्षं. मणी बारीक, साल जाड. मध्ये निळी चिकणमाती. पाणी धरून ठेवणारी, गार. तिथे पांढरी द्राक्षं खूश असतात. अगदी खाली धुकं आणि दहिवर उतरून बसतं, म्हणून तिथे वेल लावतच नाहीत. तिथे गवत, आणि गवतावर गाय. तिचं शेण सगळ्या टेकडीला जातं.

पहिली काही वर्षं ओदिलही सगळ्यांसारखीच रासायनिक फवारे मारायची. मग एका वसंतात तिनं कुदळ मारली तेव्हा आवाज टणकन् आला. ढेकूळ उचलून तिनं नाकाशी धरलं. त्याला कसलाच वास नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, कसलाच नाही. ती घाबरली. त्या वर्षी तिनं फवारे थांबवले, आणि दोन गावं पलीकडच्या काही मळेवाल्यांकडून बायोडायनॅमिक पद्धत शिकून आली.

तेव्हापासून शरदात गाईच्या शिंगांत शेण भरून ती पुरते. ईस्टरच्या सुमाराला शिंगं उकरते. तोवर आतल्या शेणाला जंगलातल्या मातीसारखा वास आलेला असतो. ते मूठभर घेऊन तांब्याच्या घंगाळात कोमट पाण्यात ढवळायचं. एका दिशेनं, भोवरा पडेपर्यंत. मग तो मोडून दुसऱ्या दिशेनं. तासभर. मग झाडूच्या फटकाऱ्यांनी ते पाणी मातीवर शिंपडायचं. स्वयंपाकघरात चंद्राचं पंचांग टांगलेलं असतं. मुळांचे दिवस, पानांचे दिवस, फुलांचे, फळांचे.

"शिंगं पुरलीस?" गास्पार दर शरदात विचारायचा. "मग शेपूट कधी पुरणार?"

असलं बोलता बोलता तो टोमॅटोंसाठी तिच्याकडून रानपाल्याच्या काढ्याची बाटली भरून न्यायचा. टोमॅटोंची गोष्ट वेगळी, असं त्याचं म्हणणं.

माती मात्र परतली. गांडुळं आली. पावसाचं पाणी वाहून जायचं ते मुरायला लागलं. ओदिल म्हणायची, टेकडी म्हणजे एकच शरीर आहे. गाय, गवत, वेल, वरचं जंगल, सगळं एकमेकांचं. बाहेरून काही आणायचं नाही. तिचा यावर इतका विश्वास होता की घोटाळा झाला तो त्याच विश्वासापायी.

त्याला आता दोन वर्षं उलटून गेली होती. घोटाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका दुपारी ढगफुटी झाली. वरची बांधाची भिंत फुटली. तवा धुऊन निघाला. वेलींची मुळं उघडी पडली. सगळी माती पायथ्याच्या चरात येऊन पडली.

चर त्यासाठीच असतो. व्हेर्नोआत प्रत्येक मळ्याच्या तळाशी तो खणलेला आहे. वर्षभर वाहून आलेली माती त्यात साठते, आणि हिवाळ्यात वेली झोपल्या की घरातली माणसं पाठीवरच्या टोपल्यांतून ती परत वर नेतात. शेकडो वर्षं हे चाललंय. पाऊस खाली आणतो, माणसं वर नेतात. कुणी तक्रार करत नाही.

त्या हिवाळ्यात गास्पारही आला होता. तव्यात त्याचं नाव होतं ना. दोघांनी टोपल्या भरल्या, वर नेल्या, उघड्या मुळांवर वीतभर माती पसरली. गास्पारची पाठ धरली ती उन्हाळ्यापर्यंत सुटली नाही. ओदिलला समाधान वाटलं. टेकडीची माती टेकडीला मिळाली.

पुढच्या शरदात तव्यावरची द्राक्षं पिकली नाहीत. वेली नुसत्या पानांनी माजल्या होत्या. मणी टपोरे, पाणचट, आंबट. हवामान, असं ती म्हणाली. त्याच्या पुढच्या शरदात हवा छान होती. तरी तेच. दोन्ही वर्षीचा रस लेओन्सनं व्हिनेगर करायला घेतला. व्हिनेगर इतकं चांगलं झालं की अर्धं गाव मागायला आलं. ओदिलला ते जास्त झोंबलं.

तेव्हा गास्पार बोलला होता.

"मी तिथे काटेरी अकेशिया लावतो. द्राक्षाच्या खांबांना तरी लाकूड होईल."

"तवा उपटायचा?"

"तवा कसला आता. दोन वर्षं व्हिनेगर खातोय आपण."

"एक शरद दे."

"दिला. एक पिंप लाल वाईन भरून दाखव. भरलं तर मी मेल्यावरही तिथे वेलीच राहू देत. नाही भरलं तर नाताळाआधी मी उपटायला येतो. चंद्र कुठेही असो."

तिनं हो म्हटलं होतं. निम्मं त्याचंच होतं.

आणि आता तव्यावर बर्फ होता.

ओदिल बूट घालून वर गेली. बर्फ बाजूला सारून तिनं माती खणली. निळी चिकणमाती, वरच्या वाऱ्यात मधल्या पट्ट्यापेक्षाही गारठलेली, घट्ट. वीतभर जाडीचं ओलं घोंगडं. त्याच्याखाली बिचारी खडी. मग ती खाली चराशी गेली आणि खोल खणत राहिली. वरच्या थरात निळी माती. आणखी निळी. तळाशी कुदळ खणखणली. तिथे तांबूस खडी होती, तव्याची.

ती चराच्या काठावर बसून राहिली. तव्याची खडी जड, ती आधी येऊन तळाशी बसली. मधल्या पट्ट्याची माती नंतर आली आणि तिच्यावर पसरली. तिनं वरवरचं उपसलं होतं. टेकडी एकच शरीर आहे म्हणताना तिनं पोटातली माती कपाळावर थापली होती.

तिला रडू आलं नाही. उलट थोडं हलकंच वाटलं. चूक तिची होती, आभाळाची नव्हती. आभाळापुढे काही करता आलं नसतं.

चिकणमाती ओली असताना कुदळीला चिकटते. ती सुटते फक्त गोठल्यावर. गारठवणारा ईशान्येचा वारा सुटला की खडीवरून तिचे पापुद्रे निघतात, भाकरी तव्यावरून निघावी तसे. ओदिलनं पंचांग पाहिलं. त्या आठवड्यात पानांचे दिवस होते, मातीला हात न लावण्याचे. बाहेर वारा शिट्ट्या घालत होता. तिनं पंचांग उलटं करून भिंतीला टेकवलं आणि पाठीवर टोपली चढवली.

व्हेर्नोआत माती नेहमी वर जाते. उतरणारी टोपली रिकामीच असायची. भरलेली टोपली घेऊन टेकडी उतरणारं माणूस तिथे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बेकरीसमोरच्या बाया दारात आल्या. कुणीतरी विचारलं, "ओदिल, बरी आहेस ना?"

"मस्त आहे."

"मग ही माती कुठे?"

"परत घरी."

दुपारच्या आत गास्पार चढून वर आला. धाप लागली होती तरी बोलत होता.

"बेकरीत लोक मला विचारतात, तुझ्या बहिणीला डॉक्टरकडे नेलंस का."

"तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, डॉक्टर हिला घाबरतो. आता मला सांग, हे काय चाललंय?"

तिनं सांगितलं. बर्फाचं, चराच्या तळाचं, पोट आणि कपाळाचं. गास्पारनं गोठलेल्या मातीचा एक पापुद्रा उचलला, खालची खडी बोटानं चाचपली.

"म्हणजे मी ही वर आणली, माझी पाठ गेली, आणि ती चुकीची माती होती."

"हो."

"सगळी?"

"जवळजवळ सगळी."

"माझी पाठ एका चुकीच्या मातीसाठी गेली."

"माझी चूक, गास्पार. मी म्हटलं, तू आणलीस."

"ते मला माहीत आहे कुणाची चूक." त्यानं पापुद्रा खाली टाकला. "मी वर आणलेली माती मी खाली नेणार नाही. एका जन्मात एवढं पुरे. तुला न्यायची तर ने."

"नेतेच आहे."

"आणि पिंप भरून हवंय. करार तोच आहे. अर्धं भरलेलं दाखवायला आलीस तर ऐकणार नाही."

"तू कधी ऐकलंस?"

तो उतरून गेला. जाताना तीनदा मागे वळून पाहिलं.

ती नेत राहिली. निळी माती खाली, तांबूस खडी वर. त्यामुळे तिची टोपली कोणत्याच फेरीत रिकामी नसायची. गावानं याचीही चर्चा केली. लेओन्स चीजघरातून सुटला की यायचा. त्याला उतारावर तोल सांभाळता यायचा नाही, म्हणून त्यानं टोपलीत निम्मीच माती घ्यायची असं ठरलं. तो गाणी म्हणत चढायचा आणि उतरताना शिव्या देत उतरायचा. दुपारी दोघं फुटक्या भिंतीच्या दगडांवर बसून धुरावलेलं सॉसेज, उकडलेला बटाटा आणि चीज खायचे. खाली गावाची कौलं, पलीकडे गास्पारचे सरळ सपाट वाफे. वारा झोंबत असायचा. ओदिलला ते जेवण फार आवडायचं. आपण हरलो तर काय, हा विचार तेव्हाही यायचा. पण तोंडात बटाटा असताना तो विचार फार टिकायचा नाही.

मार्च सरत आला आणि वारा थांबला. माती चिकटायला लागली. चढाच्या बाजूच्या दोन ओळी तशाच राहिल्या, निळ्या मातीखाली. बाकीचा तवा मोकळा झाला होता.

"दोन राहिल्या," लेओन्स म्हणाला. "ओढून काढू का?"

"ओल्या मातीबरोबर मुळं येतील. राहू दे."

ईस्टरला तिनं शिंगं उकरली, पाणी ढवळलं आणि मोकळ्या झालेल्या खडीवर शिंपडलं. तेवढ्या वेळेपुरतं पंचांग पुन्हा सुलटं लावलं होतं. मग वाट पाहण्याखेरीज करायला थोडंच होतं. छाटणी, बांधणी, भिंत रचणं. जून गरम होता. वादळ आलं ते जंगलानं अडवलं. ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली, खालच्या गावांत घडांना बुरशी धरली. तव्यावर पाऊस थांबला की वारा तासाभरात पानं वाळवायचा. ओदिल संध्याकाळी जाऊन दगडांवर तळहात ठेवायची. दगड गरम असायचे. ती तिथे उगाच बसून राहायची. लेओन्स खालून हाक मारायचा, "जेवायला येतेस की तिथेच लावू?"

सप्टेंबरच्या शेवटी तव्यावर एक रेष दिसायला लागली. एका बाजूला पानं लालसर, घड लहान आणि काळे. दुसऱ्या बाजूला त्या दोन ओळी, अजून हिरव्यागार, माजलेल्या. कुणी खडूनं आखावं तशी.

गास्पार ती रेष पाहायला आला. कुणी बोलावलं नव्हतं. तो रेषेवर उभा राहिला, एक पाय इकडे, एक तिकडे. हिरव्या बाजूचा मणी खाल्ला आणि थुंकला. मग काळ्या बाजूचा खाल्ला. बी दातांनी फोडली. ती तपकिरी होती, कुरकुरीत. पिकलेल्या द्राक्षाची असते तशी.

"केव्हा तोडणार?" त्यानं विचारलं.

"परवा. फळांचा दिवस आहे."

"पाऊस उद्या रात्री येतोय."

ओदिलनं पश्चिमेकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी."

"चंद्राला कळव," गास्पार म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कात्री घेऊन तव्यावर हजर होता. निम्मे घड माझेच आहेत, एवढंच म्हणाला.

त्या दोन ओळी त्यांनी तोडल्या नाहीत. पाणचट द्राक्षांनी पिंप भरता आलं असतं. गास्पारनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओदिलकडे पाहिलं.

"घालतेस का यातली?"

"नाही."

"घातलीस तर पिंप भरेल."

"माहीत आहे."

त्यानं कात्री खिशात घातली.

नोव्हेंबरमध्ये रस आंबून, दाबून, पिंपात गेला. ओदिलनं बुचाच्या भोकातून काठी सोडली. काठी बाहेर काढली तेव्हा ओलाव्याच्या खुणेवर कोरडी राहिलेली चार बोटं होती. तिनं पुन्हा सोडली. चार बोटंच. तिनं ते लपवलं नाही. संध्याकाळी गास्पार तळघरात आला तेव्हा तिनं काठी त्याच्या हातात दिली.

"चार बोटं कमी," ती म्हणाली.

गास्पारनं स्वतः मोजलं. त्याची बोटं जाड, तरी चारच भरली.

"करार भरलेल्या पिंपाचा होता."

"हो."

"मी म्हटलं होतं, ऐकणार नाही."

"म्हटलं होतंस." तिनं ग्लासात थोडी वाईन काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं घेतली नाही. तो वळला आणि जिना चढून गेला. लेओन्सनं ओदिलकडे पाहिलं. ओदिल पिंपाच्या कडेवरून हात फिरवत होती. अकेशिया झपाट्यानं वाढतो, एवढंच तिच्या मनात आलं. त्याची फुलं मधमाश्यांना आवडतात. तेही वाईट नाही. पण तिचा हात पिंपावरून निघेना.

बऱ्याच वेळानं गास्पार परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. ओढ्यातले गोटे. लहान, पांढरे, गुळगुळीत, धुतलेले. अजून वाफ निघत होती.

"लेओन्स, तुझ्या चीजघरात उकळून आणलेत. तुझ्या साहेबाला सांगू नकोस."

"अरे, ती कढई दुधाची आहे."

"दगडही दुधासारखेच पांढरे आहेत."

पिंप कमी भरलं की वाईन हवेनं बिघडते. अशा वेळी व्हेर्नोआतले लोक पिंपात गोटे सोडतात. वाईन वर येते, हवेला जागा उरत नाही. ओदिलला हे माहीत होतं. तिनं स्वतः कितीदा केलं होतं. पण आज तिला ते सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी तिनं केलं नसतं. अट त्याची होती, वाकवायची तर त्यानंच.

गास्पारनं गोटे गार होऊ दिले. मग एकेक गोटा बुचाच्या भोकातून आत सोडायला लागला. आत बुडुक बुडुक असा आवाज येत होता. तो घाई करत नव्हता. लेओन्स त्याच्या हातात गोटे देत होता. ओदिल उभी होती. एक बादली संपली, दुसरी निम्मी झाली. भोकाच्या कडेशी लाल वाईन दिसायला लागली, वर आली, काठोकाठ थांबली.

गास्पारनं काठी घातली. काठी भोकाच्या कडेपर्यंत ओली निघाली.

"भरलं," तो म्हणाला.

लेओन्सनं ओले हात विजारीला पुसले.

त्यानं भोकाशी सांडलेला थेंब बोटानं पुसला आणि चाखला. डोळे मिटले, उघडले.

"बाबांची जास्त आंबट असायची."

"बाबांची तू चोरून प्यायचास," ओदिल म्हणाली. "घाईत कळत नव्हतं तुला."

गास्पार हसला नाही. त्यानं ग्लास उचलला आणि या वेळी नीट प्यायला, बसून. मग उरलेल्या गोट्यांची बादली पायानं बाजूला सरकवली आणि विचारलं, त्या दोन ओळींवरची माती गोठायला किती थंडी लागते.